दोघांची अडखळ

शलाका नेसरीकरला एक गणित वर्षभर समजत नव्हतं, आणि त्याबद्दल ती मनातल्या मनात देवाचे आभार मानत होती. ऐकायला खुळ्यासारखं वाटेल. पण ज्यांनी फोनवरच्या ‘खुल्या वर्गा’त शिक्षण घेतलंय त्यांना वेगळं सांगायला नको, की एखादं गणित न समजण्यातसुद्धा माणसाचा जीव अडकू शकतो.

शलाका गडहिंग्लजच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. भिंगं पुसायची, लंबक टांगायचे, पोरांनी जाळून ठेवलेले मीटर गोळा करून दुरुस्त करत बसायचं, असं तिचं काम. वय चाळिशीला टेकलेलं, लग्न झालेलं नाही, घरी ती आणि आई. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करावं हे फार दिवस तिच्या डोक्यात होतं. पण नोकरी सोडून, आईला एकटं टाकून शहरात राहायला जाणं काही तिच्याच्याने होणार नव्हतं. तेवढ्यात खुला वर्ग आला.

त्याआधीचे दिवस आठवत असतील तुम्हाला. प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं ॲप, प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड, आणि एवढे सोपस्कार करून व्हिडिओ उघडलाच तर त्यात एक सर फळ्याकडे तोंड करून एकटेच बोलत असायचे. मग बऱ्याच विद्यापीठांनी एकत्र येऊन सगळे धडे उघड्या वेबवर मांडले, तोच हा खुला वर्ग. कसलाही फोन असू दे, कुणीही यावं, वाचावं, चूक दिसली तर सुधारावी. लाखो लोक आले, आणि त्यातले निम्मेअधिक तिसऱ्या-चौथ्या धड्याला गळाले. धडा हातात पडला म्हणून डोक्यात शिरतो थोडाच.

का गळाले याचा शोध घेताना काही मंडळींच्या एक गोष्ट लक्षात आली. बरोबर उत्तर एकच असतं, पण चुकायच्या वाटा अनेक. दोघांचं उत्तर एकसारखं चुकलं, तरी एकाची चूक एका शब्दात असते आणि दुसऱ्याची भलत्याच ठिकाणी. ही जागा फोनला शोधता येते. पुढचा कॅमेरा वाचणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघत असतो. नजर कशावर थबकली, कुठून मागे फिरली, बाहुली कुठे मोठी झाली, पडद्यावरचं बोट कुठे घुटमळलं, या सगळ्यावरून त्याला कळतं की हा माणूस नेमका कशाला अडखळला. तुम्ही उत्तर काय लिहिलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सूत्र घोकून उत्तर बरोबर लिहाल, पण ते मनातून पटलेलं नाही हे तुमचे डोळे सांगून टाकतात.

दुसरी गोष्ट याहून मजेची. ज्याला एखादी गोष्ट समजते, तो समजण्याआधी आपल्याला काय वाटत होतं ते साफ विसरतो. म्हणूनच पुष्कळदा हुशार मास्तरांचं शिकवणं डोक्यावरून जातं. उलट एकाच जागी, एकाच तऱ्हेने अडखळलेली दोन माणसं बोलत बसली, तर बरेचदा दोघंही बाहेर पडतात. तेव्हा खुल्या वर्गाने अशा जोड्या लावायला सुरुवात केली. फोनवर नुसता आवाज. बोलण्याची रीतही ठरलेली होती, तिला ‘चूक मांडणं’ म्हणत. आधी एकाने आपली चूक सांगायची, ती आपल्याला बरोबर का वाटली तेही सांगायचं. दुसऱ्याने दुरुस्त करायचं नाही, मध्ये तोंड घालायचं नाही. फक्त ‘मग?’ एवढंच विचारायचं.

आणि एक अट होती, फार कडक. नाव, गाव, नंबर जोडीदाराला सांगायचा नाही. सांगितलाच तर फोन तेवढे शब्द गिळायचा आणि पलीकडे नुसती शांतता ऐकू जायची. सुरुवातीला कुठल्याशा कंपनीने उमेदवारांच्या अडखळींची माहिती पळवून नोकऱ्या नाकारल्या होत्या. फार बोंबाबोंब झाली, आणि अडखळीला नाव चिकटता कामा नये असा नियम शिकणाऱ्यांनीच मतदान करून केला. शलाकाने हिरिरीने बाजूने मत दिलं होतं. प्रयोगशाळेतल्या बाईंना साधी टक्केवारी समजत नाही हे प्राचार्यांच्या कानावर गेलं असतं तर तिला तोंड दाखवायला जागा उरली नसती. पुढे हाच नियम आपल्या मुळावर येईल हे तिला काय ठाऊक.

तिसऱ्या धड्यात ती अडखळली. गणित असं होतं: एक रोग हजारात एकाला होतो. त्याची चाचणी शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर असते. तुमच्या चाचणीत रोग दिसला, तर तो तुम्हाला खरोखर असण्याची शक्यता किती? शलाका म्हणाली, नव्याण्णव टक्के. दुसरं काय असणार? पुस्तक म्हणत होतं, जेमतेम नऊ. सूत्रात आकडे घातले की नऊच यायचे, पण मनाला पटेल तर शपथ. फोनने तिची नजर पाहिली आणि एक जोडीदार गाठून दिला.

पलीकडून आवाज आला, पुरुषाचा, थोडा घोगरा. मागे कसलंतरी चाक फिरत होतं.

“आधी मीच मांडतो बाप्पा,” तो म्हणाला. “मशीन शंभरातून नव्याण्णव वेळा खरं बोलते. मंग माह्याच वेळेले खोटं काऊन बोलनार? एवढं का माहं नशीब फुटकं आहे?”

शलाकाला हसू आलं. तिने रीतीप्रमाणे विचारलं, “मग?”

“मंग काय, पुस्तक म्हनते नऊ. मले वाटलं छापनाऱ्याची चूक असन.”

“मलाही तस्संच वाटलं हो,” शलाका म्हणाली. पहिल्याच दिवशी दोघं पोट धरून हसले आणि गणित जिथल्या तिथे राहिलं.

तो पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचा. जळलेली कॉइल काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, वार्निश मारायचं. वडील गेले तेव्हा कॉलेज अर्धवट सोडून दुकानात बसला होता, ते राहून गेलेलं आता पुरं करायचं होतं. बोलण्यावरून तो वऱ्हाडातला, एवढं शलाकाने ताडलं. गाव मात्र कधीच कळलं नाही. एकदा त्याने आडून आडून गावच्या किल्ल्याचं वर्णन करून पाहिलं, तर फोनने अख्खं वाक्यच खाल्लं. लोकांनी टिचक्या वाजवून नंबर सांगून पाहिले होते, गाण्यात गावाचं नाव गुंफून पाहिलं होतं. प्रत्येक युक्ती कुणीतरी कळवायचा आणि दुसऱ्या दिवशी ती बंद पडायची. नियमच बदला म्हणून दोनदा मतदान झालं, दोन्ही वेळा नियम राहिला.

नाव नाही, तर हाक कशी मारायची? तो तिला ‘प्रयोगशाळा’ म्हणायला लागला, ती त्याला ‘वाइंडिंगवाले’.

“काय म्हनते प्रयोगशाळा?” संध्याकाळी फोन लागला की त्याचं पहिलं वाक्य.

“आज पोरांनी तीन मीटर जाळले,” ती गच्चीवर पाय पसरून बसत सांगायची. “मी एकाला इतकी बोलले की तो रडायलाच लागला. चुकलंच माझं.”

“मंग?”

हा ‘मंग?’ ऐकायला ती दिवसभर थांबलेली असायची. विचार करून पाहा, आपल्या आयुष्यात असं कोण असतं? आईला चूक सांगावी तर आई म्हणते, तरी मी सांगत होते. मैत्रिणीला सांगावी तर ती उपाय सांगते. कॉलेजात सांगायची सोयच नाही. आणि इथे एक माणूस तार गुंडाळता गुंडाळता अख्खी चूक ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, मग पुढे?

हळूहळू गणितातल्या चुका संपल्या आणि दुसऱ्या सुरू झाल्या. त्याने एकदा बायकोचं सांगितलं.

“ते बोलायची, आन् मी तिच्या हरेक वाक्यात चूक काढायचो. भाजीचा भाव सांगो, का माहेरची गोष्ट सांगो. मले वाटे, मी तिले शिकवून राह्यलो. एक दिवस ते बोलायचीच बंद झाली. मंग गेली. परत आली नाही.” चाक थांबलं होतं. “मले तवा कोनी हे ‘मंग’ शिकवलं असतं त बरं झालं असतं.”

शलाकाने तिचंही सांगितलं. पंचविशीत एक मुलगा पाहायला आला होता. चांगला होता. चहा पिताना त्याच्या हातून कप फुटला आणि तो ओशाळला. तिला वाटलं, हा वेंधळा दिसतो. नकार कळवला. पुढची पंधरा वर्षं तिला तो ओशाळलेला चेहरा आठवत राहिला.

“आन् आता फुटलेला कप पाह्यला की?” त्याने विचारलं.

“आता मीच फोडते,” ती म्हणाली.

खाली आईने स्वयंपाकघरातून हाक मारली. “कुणाबरोबर बोलालीस गं?”

“अभ्यास चाललाय आई.”

“अभ्यासात एवढं हसत्यात व्हय?”

खुल्या वर्गातली आकडेवारी सगळ्यांना उघडी असायची. कुठल्या धड्यात, कुठल्या जागी किती जण अडखळलेत ते कुणालाही बघता यायचं. शलाका अधूनमधून आपली जागा बघायची. आधी तिथे बरेच लोक होते, मग थोडे राहिले. दिवाळीनंतर तिथे आकडा होता दोन. बाकी सगळे कसे ना कसे पार झाले होते. त्या आकड्याकडे ती कितीतरी वेळ बघत बसायची. देशात एक जागा अशी होती जिथे फक्त ती आणि तो होते.

नियम असा होता की दोघंही पार झाले की निरोपाला एक मिनिट मिळायचं आणि जोडी सुटायची. पुढच्या धड्यात ज्याची अडखळ ज्याच्याशी जुळेल, तो त्याचा नवा जोडीदार. एक पार होऊन दुसरा मागे राहिला, तर पहिल्याला हवे तितके दिवस येत राहता यायचं. तो पार झालाय हे फोन दुसऱ्याला सांगायचा नाही, आकड्यातही त्याला मोजत राहायचा, उगाच मन खट्टू व्हायला नको म्हणून.

माघ महिन्यात तालुक्याला आरोग्याचं शिबिर भरलं. आई शेजारणींबरोबर गेली. तिथल्या यंत्राने प्रत्येकीचा आवाज ऐकला, चाल पाहिली, आणि आईच्या नावापुढे लाल खूण आली. हातापायांच्या नसा हळूहळू निकामी करणारा कुठलासा दुर्मिळ रोग. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मोठी तपासणी कोल्हापुरात होईल, पण नंबर लागायला वेळ आहे. आईने विचारलं, यंत्र चुकतं का? त्या म्हणाल्या, शंभरात एकदा.

आईने त्या दिवसापासून आवराआवर सुरू केली. इरकली लुगडं धाकट्या बहिणीला पाठवून दिलं. तुळशीला पाणी घालायचं शलाकाला शिकवलं, जसं काही तिला ते येतच नव्हतं. शंभरात नव्याण्णव, हे शब्द शलाकाच्या डोक्यातून जाईनात. गणितातलं नऊ टक्के वगैरे तिला आठवलंसुद्धा नाही. आठवलं असतं तरी पटलं नसतं.

एका दुपारी दोघी गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांचे देठ मोडत बसल्या होत्या. काहीतरी बोलावं म्हणून शलाकाने विचारलं, “शिबिराला गर्दी होती का गं?”

“लई. हजारभर बायका असतील. सगळा तालुका लोटलेला.”

“आणि हा रोग कितीजणींना असतो म्हणाल्या बाई?”

“हजारात एकीला. ती एक मीच निघाले, काय करायचं.”

शलाकाचा मिरची धरलेला हात थांबला. “थांब. हजार बायका. त्यातली एक खरी आजारी. बाकी सगळ्या धडधाकट, हजाराला एक कमी. यंत्र शंभरात एकदा चुकतं. म्हणजे या धडधाकट बायकांतल्या दहाजणींना ते उगाचच आजारी म्हणालं असणार.”

“बिचाऱ्या,” आई म्हणाली. “किती घाबरल्या असतील.”

“आई, अगं त्या बिचाऱ्यांत तू आहेस. लाल खूण मिळाली अकराजणींना. त्यातली खरी आजारी एकच. तू त्या दहांतली असण्याचीच शक्यता जास्त आहे.”

आईने तिच्याकडे बघितलं. मग समोरच्या मिरच्यांच्या ढिगाकडे बघितलं. “असं कुणी सांगितलं न्हाई मला,” ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “मग ते इरकलं परत मागायचं कसं आता?”

शलाका हसली, आणि हसता हसताच थबकली. गणित समजलं होतं. नुसतं सूत्र सुटलं नव्हतं, ते पटलं होतं, आणि एकदा पटलेलं परत न पटण्याचा काही उपाय नव्हता. संध्याकाळी तिने धडा उघडला. नव्याण्णववर नजर खिळवून ठेवायची असं तिने ठरवलं होतं, पण डोळे आपोआप ‘हजारात एकाला’ या शब्दांकडे गेले. पडद्यावर हिरवी खूण आली. ‘तुमची अडखळ सुटली आहे. जोडीदारासाठी थांबायचं आहे का?’ तिने ‘हो’ दाबलं.

“काय म्हनते प्रयोगशाळा?”

“काही नाही हो,” ती म्हणाली. “तेच आपलं. नऊ का नव्याण्णव.”

पुढे आईची कोल्हापूरची तपासणी झाली. काही निघालं नाही. इरकलंही परत आलं, मावशीनेच शहाणपणाने पाठवलं. पण शलाका दर संध्याकाळी गच्चीवर बसून खोटं बोलत राहिली. त्याने गणिताचा विषय काढला की ती घोळ घालायची, मुद्दाम सूत्राकडे वळवायची, मग मीटरच्या गोष्टी काढायची. आपण काय करतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. सगळ्या चुका त्याच्यापुढे मांडणारी बाई ही एक चूक मांडत नव्हती. एका माणसाला तिने अज्ञानात बांधून ठेवलं होतं, कारण त्याच्या आवाजाशिवाय संध्याकाळ कशी जाईल हे तिला सुचत नव्हतं. अजून थोडे दिवस, ती स्वतःला सांगायची.

चैत्र लागला. एका संध्याकाळी फोन लागला तर मागे चाकाचा आवाज नव्हता.

“आज दुकान बंद का?” तिने विचारलं.

“आहे चालू. मीच बसून राह्यलो.” तो थोडं थांबला. “आज एक चूक मांडायची होती.”

“मांडा.”

“माही नोंदणी यंदा संपते. हा धडा पार झाला नाही त परीक्षेले बसता येनार नाही, आन् पुढच्या वर्षी पुन्हा घेत नाहीत. मी काल रातभर विचार केला. माही चूक हे, का मले वाटलं मी शिकू शकतो. पोरं महिन्याभरात पार होऊन गेले. मी वर्ष घातलं. माह्या डोक्याची कॉइलच जळलेली आहे, तिले कितीही तार गुंडाळा. सोडून देतो आता. तुमाले सांगितल्याबिगर सोडनं बरं नाही, म्हनून फोन लावला.”

आता रीतीप्रमाणे तिने विचारायला हवं होतं, मग? तिने ते विचारलं नाही. हा माणूस आता स्वतःच्याच चुका काढत सुटला होता, जशा कधीकाळी बायकोच्या काढत होता. आणि त्याला थांबवणारी एकच गोष्ट तिच्याकडे होती.

“वाइंडिंगवाले,” ती म्हणाली, “रीत मोडते आज. मला तुमची चूक दुरुस्त करू द्या. आणि आधी माझी ऐका. मला हे गणित समजलंय. महिना-दीड महिना झाला. मी तुम्हाला सांगितलं नाही.”

पलीकडे शांतता. तिला वाटलं फोनने गिळलं की काय.

“काऊन?” त्याने विचारलं.

“का ते तुम्हाला माहीत आहे.”

ती बोलत राहिली, थांबली तर धीर सुटेल म्हणून.

“तुमच्याकडे टेस्टर असतो ना? मोटारीला लावला आणि तो जळली म्हणाला, तर ती जळलेलीच निघते. बरोबर?”

“हाव. नेहमीच.”

“का नेहमीच? टेस्टर इतका चांगला आहे म्हणून? तुमच्या दुकानात मोटार येते तीच मुळी बंद पडलेली. चालू मोटार घेऊन कोण येतं तुमच्याकडे? माझंही तसंच. माझ्या टेबलावर मीटर येतो तो पोरांनी जाळलेलाच. सगळा जन्म आपल्या हातात बिघडलेलंच येत गेलं. म्हणून कुणी बिघडलंय म्हटलं की आपण लगेच मान्य करतो. म्हणून आपण दोघंच मागे राहिलो. आता असं करा. दुकानाबाहेर निघा. पंचक्रोशीतल्या सगळ्या विहिरींवर जा. हजार मोटारी पाणी उपसताहेत. त्यातली एक आतून जळायला लागलीय. प्रत्येक मोटारीला टेस्टर लावत चला, आणि तो शंभरात एकदा चुकतो. किती मोटारींना जळली म्हणेल?”

पलीकडे तो पुटपुटत हिशोब करू लागला.

“जळलेल्या एकीले म्हनन,” तो सावकाश म्हणाला. “आन् चालू मोटारीयपैकी... दहाकीले. उगाचच.” पुन्हा थांबला. “अन् मी त्या चांगल्या दहा मोटारी खोलून बसलो असतो. कॉइल उपटून.”

“असते.”

“नऊ टक्के,” तो म्हणाला. “धडा उघडून पाहून राह्यलो. हजारात एकाले हे मी वाचलंच नव्हतं वो. वर्षभर डोळ्यासमोर होतं. माहा टेस्टर दुकानातच फिरत राह्यला.”

दोघांचे फोन एकदमच थरथरले. शलाकाच्या पडद्यावर ओळ उमटली: ‘अभिनंदन. जोडीची अडखळ सुटली. निरोपासाठी एक मिनिट.’ खाली एक पट्टी होती, ती डावीकडून रिकामी व्हायला लागली.

“तुमी हे सांगितलं नसतं,” तो म्हणाला, “त मी अजून...”

“परीक्षा द्या. नक्की द्या. आणि ऐका, माझं नाव आहे...” तिने नाव घेतलं. पलीकडे काही पोचलं नाही, हे तिला कळलं. त्यानेही काहीतरी सांगितलं. तिला नुसती शांतता ऐकू आली, दोन-तीन शब्दांएवढी. ती फोन कानाला घट्ट दाबून ऐकत राहिली.

“‘मला तुमचा राग आला’ असं म्हणा तरी,” ती म्हणाली.

“नाही आला. मीबी असंच केलं असतं. तुमच्याएवढ्या लवकर खरं बोललो नसतो.” मग तो घाईने म्हणाला, “चौथ्या धड्यात अडखळा. मी अडखळतोच. तुमीबी त्याच जागी अडखळा. आपली चुकायची तऱ्हा एकच हाय. मशीन पुन्हा आपल्यालेच जोडन.”

“अडखळते,” ती म्हणाली. “नक्की अडखळते.”

पट्टी संपली.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजातून धावतपळत घरी आली, चपला जिन्यातच काढल्या आणि गच्चीवर जाऊन चौथा धडा उघडला. धडा अवघड होता, नावाजलेला अवघड. आकडेवारी सांगत होती की तिथे हजारो लोक अडकलेत. शलाकाला बरं वाटलं. ती सावकाश वाचू लागली. पहिलं पान सरळ गेलं, असू दे, पहिलं पान सगळ्यांचंच जातं. दुसऱ्या पानावर एक उदाहरण होतं, ते वाचताना तिला वाटलं, आता अडणार. पण तिच्या मनाने दुकानाबाहेर पाऊल टाकलं होतं, आणि ते आता परत आत जायला तयार नव्हतं. ज्या जागी लोक अडत होते तिथे तिची नजर न अडता निघून गेली. पडद्यावर आलं: ‘अडखळ नाही. पुढे जा.’

तिने धडा पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग दुसऱ्या दिवशी, प्रयोगशाळेत दिवसभर उभं राहून डोकं ठणकत असताना, मुद्दाम वाचला. थकलेल्या डोक्याला तरी समजू नये. तेही डोकं समजून घेऊन मोकळं झालं. त्या हजारो लोकांमध्ये कुठेतरी तो अडखळला असेल. त्याला कुणीतरी जोडीदार मिळाली असेल. तिने त्याची चूक ऐकून घेतली असेल, आणि विचारलं असेल, मग? शलाकाला त्या न पाहिलेल्या बाईचा इतका हेवा वाटला की तिने पाचवा धडा उघडला. तिथे तरी. मग सहावा.

वैशाखात शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या. त्यांनी वर गच्चीकडे बघून विचारलं, “शलाका दिसंना कुठं?”

“अभ्यास करालीया,” आई कौतुकाने म्हणाली. “असली लागलीय बघा पाठीला. धड्यामागून धडा संपवती. एका धड्याला वर्षभर रडत होती तीच पोरगी ही, खरं वाटणार न्हाई तुमास्नी. सगळं भराभरा समजालंय तिला.”

वर गच्चीवर शलाका नववा धडा वाचत होती. एकेका ओळीवर ती थांबत होती, मागे जात होती, बोट पडद्यावर ठेवून वाट बघत होती. तोही तिला समजत होता.